खिंडीतला डिपर

“अहो, जरा हळू. लग्न आपलं नाहीये,” मी म्हणाले.

“मुहूर्त टळला तर काका वर्षभर ऐकवतील,” असं म्हणून ह्यांनी गाडी आणखी दामटली.

गाडी दिराकडून विकत घेतलेली, जुनी, पांढरी. चुलतदिराचं लग्न होतं, ह्यांचा फेटा मागच्या सीटवर उताणा पडला होता आणि दगडखिंडीचा उतार लागला होता. माझे यजमान, अविनाश शेवाळे, तेव्हा महामार्गावर फौजदार होते. जोरात गाडी हाकणाऱ्यांना पकडायचं, हेच त्यांचं काम. त्या दिवशी मात्र सुट्टी होती, त्यामुळे कायद्यालाही सुट्टी असावी.

समोरून एक ट्रक आला. त्यानं दिवे दोनदा लुकलुकवले आणि तो भुर्रकन निघून गेला. ह्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. डोक्याला कळायच्या आत पायाला कळलं होतं. गाडी शहाण्यासारखी चालू लागली आणि पुढं चिंचेखाली पोलिसांची जीप दिसली. स्पीडगन लावून हवालदार काळोखे उभे होते. ह्यांना ओळखून त्यांनी खाडकन सलाम ठोकला. ह्यांनीही हात वर केला, पण चेहरा मिरची चावल्यासारखा.

थोडं पुढं गेल्यावर हे म्हणाले, “त्यानं डिपर दिला.”

“कोणी?”

“त्या ट्रकवाल्यानं. नंबर बघितलास का?”

मला हसू आवरेना. “तुम्हाला तुमच्याच माणसांपासून वाचवलं की हो त्यानं! आणि नंबर कसला विचारता? शाल-नारळ द्या त्याला.”

“हसण्यासारखं काही नाही,” हे म्हणाले आणि वळण आलं.

वळणापलीकडं रस्ता नव्हताच, सगळी मेंढरं होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत. ह्यांनी ब्रेक लावला. गाडी हळू होती म्हणून जागच्या जागी थांबली. मेंढरं दोन्ही दारांना अंग घाशीत जाऊ लागली. काखेत कोकरू धरलेली एक धनगरीण काचेसमोर उभी राहिली, आमच्याकडं बघितलं आणि आपल्या चालीनं पुढं गेली. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते कळप संपेपर्यंत तसेच राहिले. माझं हसू कुठं गेलं ते मलाही कळलं नाही.

ट्रकवाला त्याच बाजूनं आलेला. त्यानं मेंढरंही पाहिली होती आणि पोलीसही. डिपर कशासाठी दिला हे त्यालाच ठाऊक. लग्नात ह्यांच्या पानातली जिलेबी तशीच राहिली, आणि जिलेबी टाकणारा हा माणूस नव्हे.

गाडी घेतली खरी, पण हे सदानकदा ड्युटीवर. पोलीस वसाहतीत ती दाराशी नुसती उभी असायची आणि टपावर कावळ्यांची पंचायत भरायची. शेवटी मीच चालवायला शिकायचं ठरवलं. गावात ड्रायव्हिंग स्कूल एकच, खरमाटे मास्तरांचं. मास्तर पूर्वी ट्रकवर होते. अपघातात पाय मोडला, तो वाकडाच जुळला आणि लांबचं चालवणं सुटलं. मग त्यांनी एक म्हातारी गाडी घेतली, डाव्या बाजूला स्वतःच्या पायाशी जास्तीचा क्लच-ब्रेक बसवून घेतला आणि परवाना काढून शाळा उघडली. घर त्या परवान्यावर चालायचं. तो गेला तर त्या वाकड्या पायाला दुसरं काम कोणी देणार नव्हतं, हे सगळं गाव जाणून होतं.

मास्तरांचा पहिला धडा गिअरचा नव्हता.

“ताई, गाडीला तोंड नसतं,” ते म्हणाले. “हॉर्न म्हंजे नुसतं केकाटणं. बोलायचं ते लाइटनं. ही उजव्या हाताची दांडी. दोनदा वडायची. दोनदा डिपर म्हंजे, ‘हळू, पुढं कायतरी हाय.’”

“काय आहे ते कसं कळणार?”

“ते इचारायचं न्हाई. आधी हळू व्हायचं, मग बघायचं. दरड असंल, म्हैस असंल, कुणी पडलं असंल.”

“आणि पोलीस असले तर?”

मास्तरांनी माझ्याकडं तिरकं बघितलं. कोणाची बायको आहे हे ते विसरले नव्हते. “पोलीस बी कायतरीच हाईत की, ताई.”

मी हे घरी सांगितलं नाही. सांगितलं नाही तेच बरं झालं, कारण त्याच आठवड्यात ह्यांच्या ऑफिसात नवे उपअधीक्षक आले. देशभ्रतार त्यांचं नाव, वर्ध्याकडचे. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला, की डिपर देऊन पुढच्यांना सावध करणाऱ्यांनाही धरा.

“सरकारी कामात अडथळा,” हे जेवताना म्हणाले. “आता खिंडीच्या वर साध्या कपड्यात माणूस उभा करणार. डिपर दिला की उचलला.”

“पण डिपर बघून लोक हळू होतात. तुम्हाला तेच हवंय ना?”

“हळू व्हायचं ते कायद्याच्या धाकानं. ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणून नव्हे.”

“आणि तुम्ही त्या दिवशी कोणाच्या धाकानं झालात?”

ह्यांनी घास ताटात ठेवला. मग ते शांतपणे म्हणाले, “शैला, समज उद्या कोणी कुणाचं पोर पळवून चाललाय. त्यालाही तुझा डिपर सावध करणार. तोही शहाण्यासारखा आमच्यासमोरून हळू निघून जाणार. समोरच्याचं तोंड बघून डिपर देता येतो का?”

सकाळी मास्तरांचं पटायचं, रात्री ह्यांचं पटायचं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं माझं झालं. बरं, विचारायचं कोणाला? शेजारणी सगळ्या पोलिसांच्याच बायका.

त्यानंतरच्या एका सकाळी मास्तरांनी मला पहिल्यांदा महामार्गावर नेलं. खिंड चढताना चिंचेखाली जीप दिसली. ह्यांचीच माणसं होती. मी अंग चोरून, देवाचं नाव घेत, बैलगाडीच्या वेगानं त्यांच्यासमोरून गेले. कोणी ढुंकून बघितलं नाही.

“चांगलं चाललंय,” मास्तर म्हणाले. “श्वास घ्या आता.”

तेवढ्यात वरून वऱ्हाडाची जीप आली. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं, आणि उतारावर सुसाट. मी काही ठरवलं नव्हतं. पोलीस मनात होते की मेंढरं, की त्या पायरीवरची पोरं, देवाशपथ सांगता येणार नाही. हात उठला एवढं खरं. घाईत आधी डाव्या दांडीला लागला आणि वायपर सुरू झाला. कोरड्या काचेवर खर्र खर्र. मग उजवी दांडी सापडली. दोनदा ओढली.

जीप हळू झाली.

“शाब्बास,” मास्तर म्हणाले. “आता तो वायपर बंद करा.”

तो बंद कसा करायचा हे मला आठवेना. लख्ख उन्हात वायपर हलवत, दिवे लावत चाललेली गाडी आंधळ्यालाही दिसली असती. पुढच्या वळणावर खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस रस्त्यात आला आणि त्यानं हात आडवा केला. जवळ गेल्यावर दिसलं, ते काळोखे हवालदार. काचेतून वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला.

“वहिनी? तुमी?”

“मी,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“जावा, जावा, मी काय बघितलं न्हाई,” असं ते कुजबुजले. पण झाडामागं उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं आणि आतून एक उंच, सावळे गृहस्थ उतरले. उपअधीक्षक साहेब त्या दिवशी नेमके स्वतः आले होते.

“काय झालं काळोखे? धरलं ना? आणा चौकीवर.”

चौकी खिंडीच्या पायथ्याशीच होती. साहेब टेबलामागं बसले. मी आणि मास्तर बाकावर. ह्यांना निरोप गेला होता, काय प्रकार आहे हे न कळताच ते आत आले, टाच आपटून सलाम केला आणि मग त्यांची नजर बाकावर गेली. तो हात खाली यायला फार वेळ लागला.

“नाव काय बाई तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“शैला अविनाश शेवाळे.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. “तुमच्या कोण?”

“पत्नी, साहेब.”

मास्तर उठून उभे राहिले, वाकड्या पायावर थोडे कलंडून.

“सायेब, डिपर म्या दिला. ताईंचा काय संबंध न्हाई.”

“तुम्ही डाव्या अंगाला बसला होता,” साहेब म्हणाले. “दांडी उजवीकडं. तुमचा हात आहे का झाडाची फांदी?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात ‘बोलू नको’ होतं की ‘बोल’ होतं, मला वाचता आलं नाही. एरवी मी ह्यांची भुवई हलली तरी ओळखते.

“मी दिला,” मी म्हणाले.

“पोलीस उभे आहेत हे कोणी सांगितलं तुम्हाला?” साहेबांनी मान वळवली. “शेवाळे, आज कुठं लावणार आहोत हे घरी बोलला होता?”

“नाही साहेब.”

“अहो साहेब, आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा हे घरी बोलत नाहीत,” माझ्या तोंडून निघून गेलं. “पोलीस मला दिसले. चिंचेखाली, ढळढळीत.”

काळोखे हवालदारांनी खोकल्याचा बहाणा केला. साहेबांना हसू आलं नाही.

“ठीक आहे. म्हणजे शिकाऊ बाईनं दिला. पण गाडी शिकाऊ असली की तिची जबाबदारी शिकवणाऱ्याची. स्वतःच्या मनानं काही त्या डिपर द्यायच्या नाहीत. खरमाटे, तुम्हीच शिकवलं ना?”

“शिकिवलं सायेब.”

“मग प्रश्नच मिटला. एकट्यानं करणं वेगळं आणि गावाला शिकवणं वेगळं. तुमचा परवाना रद्द करा असं मी आरटीओला कळवतो.”

खोटं बोलले असते तर ह्यांची अब्रू गेली असती, खरं बोलले तर मास्तरांची भाकरी चालली. मास्तर खाली बसले. रडले नाहीत, हात जोडले नाहीत. गुडघा चोळत राहिले. मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

मग मास्तरच म्हणाले, “सायेब, एक इचारू? म्या रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हाऊन तोंडानं वरडलो असतो, ‘हळू जावा रं, पुढं पोलीस हाईत,’ तर?”

“तर काय?”

“तर बी गुन्हा का?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ते... बघावं लागेल.”

काळोखे मध्येच म्हणाले, “सायेब, त्यो नाक्यावरचा च्यावाला रोज वरडतोय. आन् आपन बी तितंच च्या पितो.”

“तुम्ही गप्प बसा काळोखे.”

“आन् वर आपलाच बोर्ड हाय, सायेब. ‘पुढे वेगतपासणी, सावकाश जा.’ त्यो बी...”

“काळोखे!”

मास्तर मान हलवत म्हणाले, “म्हंजे बोर्डानं सांगितलं तर चालतंय. माणसानं सांगायचं न्हाई.”

“माणूस कोणाला सांगतोय हे त्याला माहीत नसतं,” साहेब चिडून म्हणाले. “समोरून दारू पिऊन येणारा असेल. त्याला वाचवता तुम्ही. तो इथून सुटतो आणि पुढं जाऊन कुणाला तरी चिरडतो. त्याचं पाप कोण घेणार?”

हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. चुकतोय कोण हेच कळत नव्हतं. ज्याचं त्याचं बरोबर होतं आणि शाळा मात्र बंद पडणार होती.

“साहेब, मला बोलायचंय,” हे म्हणाले.

“तुमच्या पत्नीवर मी काही करत नाहीये, शेवाळे. काळजी नको.”

“पत्नीबद्दल नाही. मागच्या महिन्यात मी लग्नाला चाललो होतो. याच खिंडीतून. मुहूर्ताची घाई होती. गाडी फार जोरात होती, दुसरा कोणी असता तर मीच पकडला असता. समोरून एका ट्रकवाल्यानं डिपर दिला आणि मी हळू झालो. काळोखेंनी मला सलाम केला.”

काळोखे भिंतीकडं बघू लागले.

“शेवाळे, वर्दीत उभं राहून काय बोलताय, कळतंय ना?”

“कळतंय साहेब. त्या दिवशी वर्दीत नव्हतो. त्या ट्रकवाल्याला कुठं शोधायचं मला माहीत नाही, नाहीतर आपल्या हुकमानुसार त्यालाही आणला असता. त्यानं कशासाठी दिला तेही माहीत नाही. मी पोलिसांना भिऊनच हळू झालो, ते खरंय.” हे थांबले. “पण वळणापलीकडं मेंढरं होती साहेब. मेंढरं होती, बाया होत्या. एकीच्या हातात कोकरू होतं. ती काचेपासून एवढ्या अंतरावर होती.”

त्यांनी हातानं अंतर दाखवलं.

साहेबांनी खिडकीबाहेर खिंडीकडं बघितलं. मग विचारलं, “काळोखे, असतात का इथं मेंढरं?”

“असत्यात सायेब. दिवाळी झाली की त्येंची वाट हितनंच.”

“मग आपण वळणाच्या अलीकडं का उभे राहतो?”

“तितं सावली हाय सायेब.”

साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मास्तरांना म्हणाले, “जा तुम्ही.”

मास्तरांना खरं वाटेना. “परवाना सायेब?”

“जा म्हटलं ना. आणि असलं काही शिकवू नका.”

“मग काय शिकवू?” मास्तरांनी विचारलं. उद्धटपणा नव्हता हो त्यात, त्यांना खरंच कळत नव्हतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते माझ्याकडं वळले. “बाई, आधी वायपर कुठला आणि लाइट कुठला तेवढं शिका.”

त्या संध्याकाळी हे घरी आले, बूट काढले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, “कशाला बोललात तुम्ही ते? माझ्यासाठी? मास्तरांसाठी?”

हे पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

“परवा आमटीत मीठ कमी होतं,” ते म्हणाले.

याच्यावर हसावं का रडावं? मी दोन्ही केलं, स्वयंपाकघरात जाऊन.

चार महिन्यांत ह्यांची बदली झाली. हायवे गेला, मुख्यालयातल्या भांडारात नेमणूक झाली. तंबू, काठ्या आणि चिलखतं मोजायची. पुढची बढती दोनदा हुकली. त्या सकाळचा आणि याचा संबंध आहे असं कोणी कधी म्हणालं नाही, नाही असंही म्हणालं नाही. हुकूम मात्र कागदावर तसाच राहिला आणि चिंचेखालची जीपही. वळणापलीकडं कोणी गेलं नाही, तिकडं सावली नव्हती.

आता हे निवृत्त झालेत. मोतीबिंदूमुळं गाडी मीच चालवते. खरमाटे मास्तर गेल्या वर्षी गेले. गावातल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवून गेले. त्यांच्या दिवसकार्याला जाऊन परतत होतो. नवा चौपदरी झालाय, पण ह्यांनी सांगितलं, “जुन्या रस्त्यानं घे.”

दगडखिंडीचा उतार लागला आणि समोरून एका टेम्पोनं डिपर दिला. दोनदा. माझा पाय उचलला गेला. शेजारी हे सावरून बसले. चिंचेखाली जीप नव्हती, कोणीच नव्हतं. मी वळण घेतलं. वळणापलीकडं रस्ता मोकळा पडला होता, लांबवर, उन्हात.

“काहीच नाही की हो,” मी म्हणाले. “उगाच दिला मेल्यानं.”

ह्यांनी काच खाली केली. अंधुक डोळे बारीक करून रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत राहिले. नाकानं वास घेतल्यासारखं केलं.

“मेंढरं गेली असतील,” ते म्हणाले.

“किंवा पोलीस.”

“मेंढरंच,” हे म्हणाले, आणि काच वर करायची राहू दिली.

समोरून एक गाडी येत होती, जोरात. पुढं काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, आत कोण आहे तेही नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे दुसरीकडं बघत होते. मी दांडी दोनदा ओढली.